कागदाचं वजन

आठवड्यातून दोनदा मी शाळेच्या गच्चीवर जातो.
जिना अरुंद, कुलूप गंजकं, किल्ली इच्छाराम शिपायाकडे.
वर पत्र्याची एक पेटी, तिला घरासारखं उतरतं छप्पर.
आतली मोटर दिवसभर गावाची हवा ओढते
आणि पांढऱ्या कागदातून गाळते.
जुना कागद काढायचा, नवा घालायचा, आठ-आठ तासांनी.
नोकरी एवढीच.
पोरं विचारतात, काका, पेटीत काय शिजतंय?

इथून अख्खं भुसावळ दिसतं.
उत्तरेला सातपुडा, दिसला तर.
दक्षिणेचे अजिंठ्याचे डोंगर आहेत म्हणतात,
मी सात वर्षांत तीनदा पाहिले.
मधे आम्ही, तापीच्या परातीत,
पश्चिमेची कड तेवढी मोडलेली.
वारा येतो तो तिथूनच. आला तर.

मे महिन्यात कागद मातकट निघतो:
नदीपात्रातली वाळू, नांगरटीची माती, ट्रकमागे उडालेली राख.
हाताला जड लागतो.
पण तेव्हा आभाळ उंच असतं.
तापलेली जमीन हवेला खांद्यावर घेऊन वर भिरकावते,
दीपनगरचा धूर मुक्ताईनगरच्या दिशेनं पळत सुटतो.
सत्तेचाळीस अंशांत माणूस भाजतो,
पण श्वास घेत भाजतो.
इच्छाराम माझ्या आधी गच्चीवर पोचलेला असतो.

ऑगस्टात कागद इतका कोरा आला
की पहिल्या वर्षी मी फोन केला, मोटर बंद आहे बहुतेक.
लॅबमधल्या वायकोळे मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मोटर चालू आहे.
अशाही हवेची नोंद करायची असते.

आणि मग दिवाळी सरते.

चिमणीचा धूर सरळ वर जातो,
कशाला तरी थडकतो
आणि आडवा होतो.
वर काहीच नसतं. ना ढग, ना कडा.
फक्त ऊबदार हवा, गार हवेच्या डोक्यावर बसलेली.
रात्री सातपुड्याचा गारवा उतरून परातीत साचतो
आणि ती वरून झाकण लावते.
खाली जिनिंगचे तंतू, वीटभट्ट्या, यार्डातली इंजिनं,
चौकाचौकात जळणारे टायर,
सगळ्यांचा एकच काला.
इच्छाराम अकराव्या पायरीवर थांबतो.
पुढच्या आठवड्यात सातव्या.
मी रजिस्टरच्या समासात पेन्सिलीनं पायरी लिहून ठेवतो.
कोणी विचारलेली नाही.

डिसेंबरात प्रल्हाद भारंबेच्या मळ्यात भरिताची पार्टी.
पळकाट्यांच्या जाळावर पन्नास किलो वांगी,
बडगीत ठेचा, वर शेंगदाणे, कांद्याची पात.
इच्छारामही आला होता, मफलर नाकापर्यंत.
जेवणं झाली तेव्हा पारा घसरत चालला होता,
आणि प्रल्हादनं बागेच्या चारी बांधांवर
ओला पालापाचोळा पेटवला, केळीला धूर द्यायला.
धूर वर गेलाच नाही.
कमरेइतका उठला आणि खोडाखोडांतून
घरच्या माणसासारखा फिरू लागला.
मी म्हटलं, हे झाकण आहे ना, म्हणून.
"झाकण आहे म्हणून तर घड वाचतात, भो,"
प्रल्हाद म्हणाला. "वर गेला तर काय उपयोग त्याचा?"
त्याचं बरोबर होतं.
मी आणखी एक पुरी घेतली.

सकाळी कागद काढला. काळा.
मोसमातला सगळ्यात काळा.
नाकाशी नेला, नियमात बसत नाही तरी,
आणि शपथेवर सांगतो, वांग्याचा वास आला.
मग वजन केलं. आकडा लिहिला.
वासाला रकाना नाही.

खाली इच्छाराम पहिल्याच पायरीवर बसलेला,
किल्ली रुमालात.
"किती भरलं आज?"
मी आकडा सांगितला.
"त्यात आपलं भरीत किती?"
तसा रकाना नाही, म्हटलं.
"मग आख ना," तो म्हणाला,
आणि पुढचं काही बोलायच्या आत
त्याला खोकला आला.