बारावी खेप

टार्टूच्या प्रयोगशाळेत, तळघरात,
नदीच्या पाण्याचा एक थेंब काचेवर.
थेंबात स्टेंटॉर: एका पेशीची तुतारी,
शेवाळाच्या धाग्याला बूड टेकवून उभी,
तोंडाशी बारीक लव अखंड फिरती.

मी नळीतून तिच्यावर लाल पूड सोडते.
ती अंग वळवते.
पुन्हा सोडते.
ती लव उलटी फिरवते, थुंकल्यासारखी.
पुन्हा.
ती आक्रसून बुडाशी गोळा होते,
बऱ्याच वेळानं उलगडते, तर पूड आहेच.
बाराव्या खेपेला
ती धागा सोडते आणि जाते.

“यंत्र आहे,” इंद्रेक सर म्हणतात.
“दाराच्या स्प्रिंगला आपण शहाणी म्हणतो का?”
सिर्ये त्यांची विद्यार्थिनी, ती उसळते,
“मग पहिल्याच खेपेला का नाही गेली?
स्प्रिंग कधी आधी तीन उपाय करून बघते?”
भांडत भांडत दोघं वर जेवायला जातात.
आज वाटाण्याचं सूप आहे.

मेंदू नाही, मज्जा नाही,
विचार ठेवायचा तरी कुठे?
सरांचं मला पटतं.
मी काचा धुते.

कोह्तला-यार्वेला आमच्या खिडकीसमोर
राखेचा डोंगर होता.
वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळी करड्या.
आईनं आधी दोरी घराच्या मागच्या अंगाला नेली.
मग झटकायला लागली,
दिवसातून चारदा, कारखान्याला शिव्या घालत.
मग खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून
आतच बसली.
दोन हिवाळे पडदा सरकवला नाही.
आणि एका मंगळवारी
बटाटे अर्धे शिजलेले असताना
तिनं गॅस बंद केला, माझं मनगट धरलं,
आणि स्टँडवर उभी असेल त्या बसमध्ये चढली.

खूप वर्षांनी विचारलं,
तेव्हा काय ठरवलं होतंस?
“ठरवलं बिरवलं काही नाही गं,” म्हणाली,
“पाय निघाले.”
बटाटे टाकून आल्याचं मात्र
तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

सर सुरकुतल्या रुमालानं तोंड पुसत येतात.
“नोंद झाली का, हेल्वे?”
वहीत दोनच रकाने. वेळ. प्रतिक्रिया.
वेळ लिहिते: बारा चाळीस.
पुढच्या रकान्यात लिहिते: पाय निघाले.
मग खोडते.
तिला पाय नसतात.