ओळखीची

एफी पिरी बिस्किटांचा डबा घेऊन आली,
मॉन्ट्रोजच्या बंदरामागच्या आमच्या दोन खोल्यांत,
आणि ओला रेनकोट न काढताच बसली.
डब्यात बिस्किटं नव्हती. पाकिटं होती,
तपकिरी, पूर्वी पगाराची असायची तेवढी,
प्रत्येकावर तिच्या बापाची पेन्सिल:
तारीख, वजन, लांबी, नर की मादी.
आत चिमूटभर खवले,
एकमेकांना चिकटून वाळलेले.

हे काम लागलं तेव्हा आईला फोन केला होता.
ती वेंगुर्ल्यात तांबोशी साफ करत होती.
"खवले? नुसते खवले?
मगे मासो कोण खाता?"
मासा केव्हाच खाऊन झालाय आई,
सदुसष्ट साली.
ती थोडं थांबली.
"खवले आमी माडाच्या मुळात टाकतंव."

खवला भिजवायचा, बोटानं चोळायचा,
दोन काचांमध्ये ठेवून खालून दिवा लावायचा.
पडद्यावर अंगठ्याच्या ठशासारखं काही उगवतं.
मधोमध नदी: दाट, कंजूष वलयं,
दोन हिवाळे किडे मोजून खाल्ल्याचे.
मग एकाएकी वलयं पाय पसरून बसतात.
समुद्र.
पुन्हा आखडतात, पुन्हा पसरतात.

मासा पाणी केव्हा पितो कुणाला कळत नाही, म्हणतात.
नसेल कळत.
पण तो उपाशी केव्हा होता, ते मला कळतं.

एफीनं एकच पाकीट पुढे सरकवलं.
जुलै सदुसष्ट, मादी, चौदा पौंड,
आणि खाली, वेगळ्या दाबानं: ही ओळखीची.
"दोन वर्षांपूर्वी जाळं फाडून गेलेली तीच, म्हणायचा.
सगळा धक्का हसला.
डूगलला मासे ओळखू येतात, म्हणाले, बाटली उघडली की.
शाळेत मला विचारायचे,
तुझ्या बापाची मावशी सापडली का गं जाळ्यात?"

सात खवले निघाले.
चार कोऱ्या पोटाचे:
एकदा गळून त्या जागी नवे उगवलेले.
असे खवले पुरते मोठे होतात,
पण त्यांना लहानपण नसतं, मधे नुसतं धुकं.
ते मी बाजूला ठेवते. टाकत नाही.
पाचवा फाटका. सहाव्याला बुरशी.

सातव्यावर खूण होती.
नदीत शिरली की सॅमन खात नाही,
अंगातलंच खाते, खवल्यांच्या कडासुद्धा.
आणि इथे ती खाल्लेली कड, आणि तिच्यापुढे
रुंद, निवांत नवी वलयं,
उंदरानं कुरतडलेल्या वहीत
कुणी पुन्हा हिशेब लिहायला घ्यावा तशी.

"आधी येऊन गेली होती ही," मी म्हटलं.
"अंडी घालून, जगून, परत समुद्रात,
आणि परत इथे. थोड्याच जणींना जमतं."
"म्हणजे तीच?"
"खवल्यात नाव नसतं, एफी. जाळंही नसतं."

ती पडद्याकडे बघत राहिली.
रेनकोटाखाली फरशीवर छोटं तळं झालं होतं.
"तीच नसेल. पण येऊन गेलेली होती ना?"
"हो."
"मग तेवढं लिहून दे."

मी लिहिलं: नदीत दोन हिवाळे, समुद्रात दोन,
मग खूण, मग आणखी एक.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडायची पद्धत आहे.
मी तिथे लिहिलं: ओळखीची असू शकते.
वरचे साहेब खोडतील. खोडू देत,
पेनानं लिहिलंय.

जाताना तिनं डबा इथेच ठेवला,
झाकण तेवढं नेलं.
त्यावर कुठल्याशा राजवाड्याचं चित्र होतं.

रात्री भांडी घासताना
मनगटाच्या आतल्या बाजूला काही चमकलं.
आईच्या कोपराला असायचा, संध्याकाळपर्यंत, तसाच एक.
कुठल्या पाकिटातला, आता सांगता यायचं नाही.
नळ बंद केला.
नखानं काढायला गेले, आणि काढला नाही.