अर्धा दाणा

छावणी मंडीतून दोन पिशव्या आल्यात.
दोन्हींवर शरबती, अक्षर एकाच हाताचं,
भावात मात्र क्विंटलमागे नऊशेंचा फरक
आणि दोन अडते एकमेकांशी बोलत नाहीत.

मी दाणा आडवा कापते.
कोंबाकडचा अर्धा ओल्या कागदावर, क्रमांक घालून.
उरलेला पकडीत चिरडून अल्कोहोलात.
ग्लायडिन मुकाट विरघळतं,
ग्लुटेनिन तळाशी हट्ट धरून बसतं;
त्याला साबण लागतो, उकळी लागते,
आणि ते नाक दाबायला लावणारं औषध.

शेवगावकर सरांचा जेलवर जीव.
रात्रभर निळ्यात बुडवून सकाळी दिव्यावर धरतात,
चष्मा कपाळावर, ओठ हलतात
जुनं पत्र पुन्हा वाचावं तसे.
"पट्ट्या सारख्या. एकच वाण. चहा सांगा."

शाल्मलीचं यंत्र दाण्यामागे पस्तीस मिनिटं घेतं.
जेलवरची एक जाड पट्टी
तिच्या आलेखात दोन शिखरांत फुटते,
दुसऱ्या पिशवीतल्या दहांपैकी तीन दाण्यांत.
"भेसळ आहे, सर."
"तुमचा स्तंभ दिवाळीपासून बदललेला नाही."
"आणि तुमचा चष्मा?"
चहा आला. कुणी घेतला नाही.

गेंदालाल, ज्यानं पिशव्या आणल्या,
दारातच चार दाणे दाढेखाली धरून उभा.
चावत राहिला. चिकाची गोळी झाली तशी
बोटांत ताणून पाहिली.
"ये वाला प्यासा रहा है, मॅडम."
शेवटचं पाणी चुकलंय, म्हणजे.
पट्ट्यांना कूळ कळतं,
माघातली बंद मोटार कळत नाही.
गेंदालालला मोटार कळते;
पण गेल्या साली लोकवनला शरबती म्हणून
त्यानंच छातीवर हात मारला होता.

परवा पुण्याची मावसजाऊ फोनवर हसली,
"तुम्ही नक्की मराठीच ना?"
मी एवढंच म्हणाले होते, चाय घेऊन घ्या.
मला कोणी भिजवावं? कशात?
कुठली पट्टी वर राहील, कुठली फुटेल?

अहवालात रकाना एकच: वाण.
मी दोन्ही पद्धती लिहिते, दोन्ही निष्कर्ष,
खाली पेन्सिलीनं: पाणी कमी (चावून).
सर खोडरबर शोधतायत.

ओल्या कागदावर सतरा क्रमांकाला
पांढरं मूळ फुटलंय,
त्या तीन भांडखोरांपैकी एक.
गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत लावते,
पाटी न खोचता.