ट्रेबल डावीकडे

इंदूरला, जेल रोडवर, जिन्याखालच्या दुकानात
टोकेकरमामा कॅसेटी भरून देत.
मी सोळा वर्षांचा, स्टुलावर बसून
लेबलं लिहायचो: बाजू अ, बाजू ब.
गिऱ्हाईक गाण्यांची चिठ्ठी देऊन गेलं
की मामा ती उलटी करत
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर
स्वतःचा क्रम मांडत.

"लोक गाणी देतात, भिया.
कॅसेट आपल्याला द्यावी लागते."

नियम थोडेच होते, आणि तेही बदलत.
दोन रडकी गाणी शेजारी नकोत,
एका मांडवात दोन विहिणी रुसल्यासारखं होतं.
काळी चारचं संपल्यावर लगेच पांढरी पाच नको,
घासात खडा लागतो.
जुनी तबकडी दबक्या आवाजाची असली
तर तिच्यासाठी काटा हाताने वर धरायचा,
म्हाताऱ्या पाहुण्यासाठी दार धरतात तसा.
आणि मधली शांतता मामा पोह्यांनी मोजत:
एक पोहे, दोन पोहे, तीन पोहे, सोड.
नाचाच्या गाण्याआधी एकच.
अंगाईनंतर चार,
"शेव घालून."

ताटकेबाई आल्या त्या मंगळवारी.
नंदलालपुऱ्यातून, चालत, विजेच्या बिलामागे यादी लिहून.
एक भजन. एक कव्वाली.
पडलेल्या सिनेमातलं द्वंद्वगीत.
सनई, कुठलीही नाही, सकाळची.
नाट्यपद, पण अर्धंच.
आणि दातांच्या पावडरीची जाहिरात.
"जाहिरात?"
"हो, तीही."

मामांनी तीन दिवस घातले.
सुरावरून लावून पाहिली, तालावरून, सालावरून.
गाणी काही एकमेकांशी बोलेनात,
सरवटे स्टँडवर वेगवेगळ्या गावांचे उतारू
आपापली पिशवी मांडीवर घेऊन बसावेत, तशी.
पोहे मोजून मामांचे ओठ वाळले.

शेवटी बाईंनाच बोलावलं.
"ही सगळी ऐकलीत कुठे?"
"घरी रेडिओ नव्हता आमच्या.
शेजारी होता. भिंतीपलीकडे.
पोळ्या लाटायची मी त्या भिंतीशी."

"शेजारी कोण राहायचं?" मी विचारलं.
मामांनी माझ्याकडे पाहिलं.
मी लेबल लिहू लागलो.

"भिंत कसली होती?" मामांनी विचारलं.
"विटांची.
अलीकडून चुना मारलेला.
पलीकडचं मला काय माहीत."

मामा उठले आणि ट्रेबलचं बटण
डावीकडे फिरवलं, अडेपर्यंत डावीकडे.
शब्दांच्या कडा गेल्या.
स गेला, झांज गेली, गायिकेचा श्वास गेला.
उरला डग्गा,
आणि कुणी पाठ टेकून गुणगुणावं
तेवढा आवाज.
भजन कव्वालीला टेकून बसलं.
नाट्यपद अर्ध्यावर तुटलं,
तिकडे कुणी बटण फिरवलं असावं,
किंवा इकडे पोळी करपली असावी.
तुटलं ते बरोबर तुटलं.
जाहिरातही त्याच घरातली वाटली.
मामांनी त्या दिवशी पोहे मोजलेच नाहीत.

बाईंनी उभ्यानेच ऐकली,
काउंटरच्या फळीवर तळहात सपाट ठेवून.
मग म्हणाल्या,
"जाहिरात जरा मोठ्याने यायची.
ती लागली की तो आवाज वाढवायचा,
मला हसू येतं म्हणून."

'तो' म्हणाल्या. मग पदर नीट केला.
मामांनी जाहिरात पुन्हा भरली, एक काटा वर.

"लेबलावर नाव काय घालू?" मी.
"नाव नको. घरात सगळे वाचतात."

वीस रुपये, सुटे, मोजून.
मी बाजू अ लिहिलं, बाजू ब लिहिलं,
आणि दोन्हींच्या मधे
पट्टी न घेता
एक रेघ ओढून दिली.