खात्यावरची हालचाल

हेडाऊंच्या खात्यावर चौऱ्याऐंशी हजार तीनशे पॉइंट होते,
आणि हेडाऊ नव्हते.

हे मी विमान कंपनीला सांगितलं नाही.
वीज मंडळाला सांगितलं, बँकेला, गॅसवाल्याला,
पेन्शनच्या खिडकीवर तर तीनदा, झेरॉक्ससकट.
पण कंपनीच्या नियमांत अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे:
सभासदाच्या मृत्यूनंतर पॉइंट रद्द.
वारसाला खामल्याचा फ्लॅट मिळतो, स्कूटर मिळते,
बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टीसुद्धा मिळते.
हवेतलं मात्र हवेत.

अठरा महिने हालचाल नसली, तरी जातात.
म्हणून मी हालचाल केली.
दर दिवाळीला त्यांच्या क्रमांकावर
एक किलो संत्रा बर्फी मागवायची,
जे दुकान माझ्या गच्चीवरून दिसतं तिथूनच.
चाळीस पॉइंट पडायचे.
मग मेल यायचा: अभिनंदन, श्री. दिगंबर,
आम्हाला तुमची आठवण येत होती.

व्हॉल्व्ह विकायचे ते, हिंगण्याच्या कारखान्याचे.
बावीस वर्षं रॉटरडॅमच्या वाऱ्या.
परत आले की बॅग उघडायच्या आधी मला शिकवायला बसत,
दुसरा एखादा नवरा रमी शिकवेल तसे:
पॉइंटांवर मिक्सर घ्यायचा नाही, मातीमोल जातात.
तिकीटच घे, आणि लांबचं घे,
जवळच्याला सरळ पैसे मोज.
दहा महिने आधी बघ. मंगळवारी निघ.
दोह्यात तीन तास ठेव,
दीड तासात माणूस पोचतो, बॅग पोचत नाही.
पॉइंट जमा होईतोवर बोर्डिंग पास फाडू नको.

त्यांचा शेवटचा पास अजून आहे,
चकलीच्या साच्याच्या डब्यात.
पॉइंट केव्हाच जमा झाले त्याचे.

मी म्हणायची, मला कुठं जायचंय बाप्पा,
झिरो माईलच्या पुढं माझं काम पडत नाही.
तरी त्यांनी नॉमिनीत माझं नाव टाकलं.
टाकताना इंग्रजीत हेडाऊच्या शेवटी दोन ‘ओ’ लिहिले.
माझ्या पासपोर्टवर एक ‘यू’ आहे.

तेवढ्यासाठी मागच्या मे महिन्यात फोन केला,
कूलर बंद करून, घाम पुसत.
पलीकडे मुलगी, घोटून घेतलेला आवाज:
मॅडम, खातं सरांचं आहे, सरांना देता का फोन?
बाहेर गेलेत, मी म्हटलं.
कधीपर्यंत येतील?
सांगून नाही गेले.

ती थांबली.
तिच्या मागं शंभर माणसं एकदम बोलत होती,
कुणाची तरी बॅग सापडत नव्हती.
मग कीबोर्ड वाजला, हळू, एकच बोट फिरत असावं तसा.
एका अक्षराचाच प्रश्न आहे, मॅडम. करून देते.
तिकीट आजच काढा.
मी पेन शोधत होती.
ती पुन्हा म्हणाली, आजच.

तर मी जाऊन राहिली आहे.
मार्च, मंगळवार, सोनेगाववरून.
फुकटच्या तिकिटाला कर लागला सत्तावीस हजार,
हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.
बॅग बावीस किलो सातशे,
शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलली.
कडीला हिरवी रिबन. सावजी मसाला त्यात, तीन पिशव्यांत गुंडाळून.
गोळ्या पर्समध्ये, डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत.

रॉटरडॅममध्ये माझं कोणी नाही.
हॉटेलच्या खिडकीतून एक क्रेन दिसते, म्हणायचे,
रात्रभर डबे उचलते, ठेवते,
अन् झोप लागू देत नाही.
फोन करायचे तेव्हा मागं तिचाच आवाज असायचा,
मला वाटायचं लाइन खराब आहे.
ती बघीन म्हणते.

खात्यात आता दोनशे साठ उरलेत.
दोनशे साठात काहीच येत नाही,
मिक्सरचं झाकणसुद्धा.

दिवाळीला बघू.