हा पन्नासचा

वैशाखात घेतला, हप्त्यावर. एक मोठा डबा, पाच लहान.
टीव्हीखाली मांडले, वायरी सतरंजीखालून नेल्या,
बटण दाबलं.
आधी गाणं नाही, संवाद नाही,
आधी हा:
गूंऽऽऽ
जसं कुणी जेवायला बसलंय
आणि तोंड न उघडता भाजीला नावं ठेवतंय.

नऊ रात्री मी गुडघ्यांवर.
मोबाईल लांब ठेवला. राउटर कपाटावर चढवला.
मोठा डबा टीव्हीपासून हातभर सरकवला, मग दोन हात,
मग पार दारापाशी, चपला असतात तिथे.
तिथून तो चपलांना गूं म्हणत राहिला.
पिन उलटी केली. बोर्ड बदलला. रात्रभर फ्रीज बंद ठेवला,
दूध नासलं.
मेहुणा म्हणाला, तिसरी पिनच काढून टाका.
अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.
एम.जी. रोडचा दुकानदार म्हणाला,
साहेब, नवा आहे, रुळेल.
(चपलेसारखा. तीही दारातच होती.)

दहाव्या रात्री अण्णा वॉकर टेकत बाहेर आले.
सातपूरला सदतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळल्या त्यांनी.
डावा कान कंपनीतच राहिला.
उजवा त्यांनी डब्याला लावला,
शेजारचं भांडण ऐकायला भिंतीला लावावा तसा,
आणि ओठ मिटून तोच सूर धरला.
बरोब्बर तोच. डबा कुठला, अण्णा कुठले, कळेना.

"ट्रान्सफॉर्मर घुमतो तो शंभरचा," म्हणाले.
"हा त्याच्या निम्मा. हा पन्नासचा.
हा डब्याचा नाही.
केबलची वायर काढ."

केबलची वायर. उत्तमनगरच्या खांबावरून,
खैरनारांच्या गच्चीवरून, आमच्या खिडकीच्या भोकातून आत,
जिचा मी विचारच केला नव्हता, कारण ती
आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथेच आहे.
काढली.

घर इतकं मोठं झालं अचानक
की सुनेत्रा आतून म्हणाली, "काय झालं?"

अण्णांनी पेपरच्या कडेला काढून दाखवलं:
ही आपली माती, ही केबलवाल्याची,
दोन्हीखाली शून्य.
"पण शून्य शून्यासारखं नसतं रे.
एखाद्या शून्यात पाणी कमी असतं.
तेवढ्या फरकावर काहीतरी फिरत राहतं, इकडून तिकडे, गोल,
आणि डबा बिचारा प्रामाणिक,
ते मोठ्याने सांगतो."

पाणी.
मग दोघंही गप्प.

मागे, सिलिंडरच्या शेजारी, अर्थिंगचा खड्डा.
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
दर रविवारी त्यात दोन बादल्या ओतायचे अण्णा.
माघात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
नंतर मी कुंड्यांना पाणी घातलं, गाडी धुतली,
खड्ड्याचं त्यांनी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
झाकण उचललं तर माती कडेपासून सुटलेली,
बोट जाईल इतकी.
रात्री साडेअकराला बादली ओतली.
चुर्र करून प्यायली. अजून एक आणली.

वायर परत जोडली. आवाज होता,
पण आता दोन खोल्या पलीकडचा.
राहिलेल्यासाठी शालिमारच्या मागून नाझिमकडून
बोटाच्या पेराएवढा आयसोलेटर आणला,
केबल आणि सेट-टॉप बॉक्सच्या मधे पिळून बसवला.

रविवारी, बादल्या ओतून झाल्यावर, परीक्षा.
काहीही न लावता आवाज पूर्ण वर, साठावर.
मी एका लहान डब्याशी, अण्णा मोठ्याशी,
उजवा कान टेकून.
पाच मिनिटं. सात.

भिंतीपलीकडून खैरनारकाकूंनी विचारलं,
"कोणता पिक्चर लावलाय?"
मी बोलणार, एवढ्यात अण्णांनी हात वर केला:
थांब.
संपू दे.