माग

लिहितात गोल्कार, म्हणतात गोकर.
सहा वर्षं मी चुकीचं म्हणत होते,
यॉर्कशरच्या या चढावर कुणी दुरुस्त केलं नाही.
दगडी घरं, वरच्या मजल्याला ओळीनं खिडक्या,
एकेकाळी मागावर उजेड पडावा म्हणून ठेवलेल्या.
आता एकाच खिडकीआड माग उरलाय :
क्लिफर्ड हिंचलिफचा, चोवीस चौकटींचा,
आणि तो हलतो एका करड्या कॉम्प्युटरच्या हुकमानं.

मंगळवारी रात्री कॉम्प्युटर आपला आपणच नवा झाला.
विचारलं होतं म्हणे त्यानं.
क्लिफर्डनी चष्मा नसताना 'हो' दाबलं.
सकाळी सगळं निळं, गुळगुळीत,
खिडकीतून दिसणारा पाऊस
कोपऱ्यात पुन्हा आकड्यांत सांगणारं,
आणि म्हणे : कोणतंही उपकरण जोडलेलं नाही.
चार फुटांवर माग उभा, ताणा भरलेला.

"मला सोमवारचा दे," फोनवर म्हणाले.
शनिवारी गेले.
त्यांना वाटलं, मागे जाणं म्हणजे एक पायरी उतरणं.
तसं नसतं, मी म्हटलं,
मागे जायचं तर आधी सगळं पुसायचं.
स्क्रीननंही तेच विचारलं, दोनदा : खात्री आहे?
चाळीस वर्षांची नक्षी माझ्या पेनड्राइव्हवर घेतली.
कोपऱ्यात मावली.
उरलेली जागा बघून ते जरा खट्टू झाले.

जुनी डिस्क बिस्किटांच्या डब्यात, बटणांखाली.
कव्हरवर डोरीनच्या हातची किल्ली,
पाच-पाचांचे पाच गट.
सतरावं काय, बी की आठ?
बी. चूक.
पुन्हा बी, सावकाश. चूक.
क्लिफर्डनी कव्हर दिव्याखाली धरलं.
"ती आठ खालून काढायची,
दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. आठच आहे."
तिला जाऊन अकरा वर्षं झाली.
यंत्रानं तिचा आठ मान्य केला.

मग एकोणचाळीस मिनिटं,
जी खरं तर दीड तास होती.
चहा. आल्याची कडक बिस्किटं.
मी त्यांना इचलकरंजीची गंमत सांगितली,
आमच्या गल्लीत रात्री वीज गेली
की माग थांबायचे, आणि त्या शांततेनं
सगळी आळी दचकून जागी व्हायची.
ते हसले नाहीत. "बरोबर," म्हणाले.

आणि आला. जुना, ठोकळेबाज,
तारीख सतरा वर्षं मागची सांगणारा.
मागानं पहिली चौकट उचलली,
खट्, मग दुसरी, मग खट् खट् खट्,
क्लिफर्डनी धोटा टाकला
आणि मी उगाचच मान वळवली, आई हाक मारेल म्हणून.

नक्षी परत घ्यायला पेनड्राइव्ह लावला.
आत माझ्या नावाचा एक फोल्डर, देवनागरीत.
या जुन्याला जोडाक्षरं ठाऊक नव्हती :
ज् यो त् स् ना,
तीन पाय मोडलेले, एकमेकांपासून लांब,
बसस्टॉपवर अनोळखी माणसं उभी राहतात तशी.
"ही कोण?" त्यांनी विचारलं.
मी, म्हटलं. कालच्याला मी नीट येत होते.
"जोस्ना," ते म्हणाले. त्यांनाही जमत नाही,
पण ते निदान जोडून म्हणतात.

इंटरनेटची वायर मी काढली,
भोकावर इन्सुलेशन टेप लावली. दोन पदरी.
आता याला कुणी सुधारणार नाही.

निघताना बघितलं, ते मागावर वाकलेले.
तीन बोटं विणून झालं होतं
आणि एक धागा चुकला होता, त्यांचाच, यंत्राचा नव्हे.
पुसलं वगैरे काही नाही.
शेवटचा आडवा धागा हलकेच ओढून घेतला,
मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा,
चुकलेल्यापर्यंत आले,
धागा बोटांवर गुंडाळला,
आणि तोच परत धोट्यात भरला.